भाड्याच्या घरातील थंडी आणि उष्णतेचा हिशेब

१६ जानेवारी १९३५ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेतील तापमान उणे ०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १७ जानेवारीला, पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली. अशी थंडी क्वचितच पडते हे खरे. परंतु ३० डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीत दिवसाचे कमाल तापमान अवघे ९.४ अंश होते. पुण्याला हिवाळ्यातील एखाद्या पहाटे जितका गारठा असतो, तितका त्या दिवशी दिल्लीत भर दुपारी होता!

नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून दिल्लीत बदलून गेलेली अनेक कुटुंबे दरवर्षी पहिल्या हिवाळ्यात एकच तक्रार करतात : ''बाहेर उन्हात बरे वाटते, पण घरात शिरले की हुडहुडी भरते.'' घर भाड्याचे असते. भिंती पाडता येत नाहीत, खिडक्या बदलता येत नाहीत, खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावे लागते. मग बाजारातून हीटर आणला जातो आणि महिनाअखेरीस विजेचे बिल पाहून सर्वांना घाम फुटतो.

अशा घरात थंडीपासून बचाव करायचा तर आधी उष्णतेचा जमाखर्च मांडायला हवा. त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहेच.

सात मिनिटांचे कोडे

एक खोली घेऊ. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर, उंची ३ मीटर. खोलीचे आकारमान झाले ३६ घनमीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते, म्हणून खोलीत सुमारे ४३ किलोग्रॅम हवा आहे. एक किलोग्रॅम हवेचे तापमान एक अंशाने वाढवण्यास साधारण १ किलोज्यूल उष्णता लागते. तेव्हा सगळी हवा १० अंशांनी तापवायला ४३० किलोज्यूल पुरतील.

विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे आपल्याला लागले सुमारे ०.१२ युनिट. १००० वॉटचा हीटर हे काम सात मिनिटांत करील!

प्रत्यक्षात मात्र हीटर तासभर चालवला तरी खोली उबत नाही. गणित तर बरोबर आहे, मग चूक कोठे? चूक अशी, की आपण फक्त हवा तापवली. भिंतींचा विचारच केला नाही.

आपल्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूला आहेत आणि त्यांत २ चौरस मीटरची एक खिडकी आहे असे धरू. खिडकी वगळता या भिंतींचे क्षेत्रफळ १९ चौरस मीटर भरते. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या या भिंतींचे वस्तुमान जवळजवळ ७,९०० किलोग्रॅम होते. वीटकामाची विशिष्ट उष्णता ०.८५ धरली, तर या भिंती केवळ एका अंशाने तापवायला सुमारे ६,७०० किलोज्यूल, म्हणजे १.९ युनिटे लागतात. एका अंशासाठी खोलीतील हवेला जेवढी उष्णता लागते, तिच्या दीडशेपटींहून ही अधिक आहे.

घर बाहेरच्यापेक्षा थंड का वाटते, याचे उत्तरही येथेच मिळते. रात्रभर गारठलेल्या या जड भिंती सकाळचे ऊन पडताच तापत नाहीत. दुपार झाली तरी त्या पहाटेचा गारठा धरून असतात. आपल्या त्वचेचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते आणि भिंतींचे बारा-तेरा अंश. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. त्यामुळे आपले शरीर प्रारणाने भिंतींना सतत उष्णता देत राहते. भिंतीला हात न लावताही तिचा गारवा जाणवतो, तो यामुळे. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ओढला किंवा त्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली, तर फरक पडतो. सतरंजीने भिंत तापत नाही. पण शरीराच्या समोर येणारा पृष्ठभाग कमी थंड असतो.

उष्णता जाते कोठे?

आता खोलीत १८ अंश आणि बाहेर ८ अंश तापमान आहे असे समजू. फरक झाला १० अंशांचा. आतल्या दोन भिंती, वरचा मजला आणि खालचा मजला यांच्या पलीकडे आपल्याइतकेच तापमान आहे असे धरू. खर्चाच्या बाजूला तीन रकमा येतात.

पहिली रक्कम भिंतींची. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, तापमानात एका अंशाचा फरक असताना, सुमारे २ वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणून १९ × २ × १० = ३८० वॉट.

दुसरी रक्कम खिडकीच्या काचेची. एकेरी काचेसाठी हाच आकडा सुमारे ५.७ आहे. २ × ५.७ × १० = ११४ वॉट. खिडकीचे क्षेत्रफळ भिंतीच्या जेमतेम एक-नवमांश. पण गळती जवळजवळ एक-तृतीयांश!

तिसरी रक्कम फटींची. दाराखालून आणि खिडकीच्या चौकटीतून थंड हवा आत येते व ऊबदार हवा बाहेर जाते. तासाला खोलीतील सगळी हवा दोनदा बदलली, तर दर तासाला ८६० किलोज्यूल, म्हणजेच २४० वॉट उष्णता तिच्याबरोबर जाते.

बेरीज झाली सुमारे ७३५ वॉट. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर यात छताचाही खर्च आला. उघड्या काँक्रीटच्या छतातून चौरस मीटरला सुमारे ३.५ वॉट जातात, म्हणून १२ × ३.५ × १० = ४२० वॉट आणखी. भाड्याचे घर शोधताना हा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वर आणि खाली बिऱ्हाड असलेले मधल्या मजल्यावरचे, दक्षिणेला खिडकी असलेले घर मिळाले, तर थंडीशी निम्मी लढाई तेथेच जिंकली.

आता जमेची बाजू पाहा. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. त्यातील काही वाफेबरोबर जाते. साधारण ७० वॉट खोलीला मिळतात. चौघांचे कुटुंब एका खोलीत बसले, तर २८० वॉटचा हा फुकटचा हीटर चालू असतो. ७३५ मधून २८० वजा केले की ४५५ वॉट उरतात. हीटरने भरून काढायची तूट तेवढीच.

खिळा न ठोकता करायचे उपाय

भाडेकरूला भिंत जाड करता येत नाही. पण फटी आणि खिडकी त्याच्या हातात आहेत.

फटी शोधायला उदबत्ती पेटवा. पंखा बंद करून ती दाराच्या व खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जेथे एकदम आडवा होईल, तेथे फट आहे. ९० सेंटीमीटर रुंद दाराखाली १ सेंटीमीटरची फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ ९० चौरस सेंटीमीटर होते. भिंतीला एवढे भोक पडले असते तर आपण ते एक दिवसही तसे ठेवले नसते! जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात वाळू किंवा चिंध्या भरा आणि दाराशी आडवी ठेवा. खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवता येतात. घर सोडताना त्या ओल्या फडक्याने निघतात.

खिडकीच्या काचेवर आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद दुहेरी चिकटपट्टीने ताणून बसवा. काच आणि कागद यांच्यामध्ये एक-दोन सेंटीमीटर हवा अडकून राहिली की काचेतून होणारी गळती साधारण निम्म्यावर येते. काम कागद करीत नाही, अडकलेली हवा करते. हवा ही उष्णतेची अत्यंत मंदवाहक आहे. मात्र ती स्थिर असली पाहिजे. फिरू लागली की तीच अभिसरणाने उष्णता वाहून नेते.

एवढे केल्यावर पुन्हा हिशेब करू. काचेतून ११४ ऐवजी ५७ वॉट. हवा तासाला दोनदा न बदलता एकदा बदलली, तर २४० ऐवजी १२० वॉट. बचत १७७ वॉट. हीटरची तूट ४५५ वरून २७८ वॉटवर आली. खर्च झाला थोड्या कागदाचा आणि चिंध्यांचा, आणि तूट कमी झाली जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. रोज सहा तास धरले तर दिवसाला एक युनिट वाचले.

पडद्याचेही शास्त्र आहे. आखूड पडद्यामागील हवा काचेला लागून थंड होते, जड होऊन खाली उतरते आणि जमिनीवरून थेट आपल्या पायांशी येते. वरून नवी ऊबदार हवा पडद्यामागे ओढली जाते. म्हणून पडदा जाड आणि जमिनीला टेकणारा हवा. तो सूर्यास्तापूर्वी ओढून घ्यावा आणि सकाळी ऊन येताच पूर्ण उघडावा.

उघडायचा का, ते पाहा. २२ डिसेंबरच्या सुमारास दिल्लीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर असतो. जूनमध्ये तो ८५ अंशांवर चढतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून २.१ मीटर उंच असेल, तर डिसेंबरच्या मध्यान्ही ऊन खोलीत सुमारे २.७ मीटर आत येते. जूनमध्ये ते वीतभरही येत नाही. पुण्यात डिसेंबरमधील हा कोन ४८ अंशांचा आहे. ऊन किती आत येईल ते तुम्ही काढा. आकाश स्वच्छ असेल, तर दक्षिणेच्या एका चौरस मीटर काचेतून मध्यान्ही सुमारे ४०० वॉट इतकी ऊर्जा खोलीत येते. काच सूर्यप्रकाशाला वाट देते, परंतु तापलेल्या फरशीकडून निघणाऱ्या दीर्घ लहरींच्या प्रारणाला अडवते. म्हणून उन्हाच्या वेळी त्या फरशीवरील सतरंजी गुंडाळून ठेवावी आणि ऊन गेल्यावर अंथरावी. जड फरशी उष्णता साठवते आणि संध्याकाळी परत देते.

घर तापवावे की माणूस?

भिंती एका अंशाने तापवायला दोन युनिटे लागतात हे आपण पाहिले. शहाणपण यात आहे, की घराऐवजी माणसाला ऊब द्यावी.

आपल्या आजीची गोधडी घ्या. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये असंख्य बारीक पोकळ्यांत हवा अडकलेली असते. कापसाच्या रजईत ती आणखी जास्त असते. विटेची उष्णतावाहकता कापसाच्या थराच्या सुमारे वीसपट असते. म्हणजे २ सेंटीमीटर जाडीची रजई ही ४० सेंटीमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णतारोधक! रजई दाबून बसली की आतील हवा निघून जाते आणि ऊबही जाते. तिला ऊन दाखवल्याने ओलावा जातो व कापूस पुन्हा फुलतो. पिंजारी कापूस पिंजून देत असे, त्यामागचे कारण हेच. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण दोहोंच्या मध्ये हवेचा एक जादा थर मिळतो.

आता गरम पाण्याची पिशवी पाहू. दीड लिटर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांवर येताना सुमारे १८८ किलोज्यूल उष्णता देते. २००० वॉटचा हीटर एवढी ऊर्जा दीड मिनिटात संपवतो. पिशवी मात्र पांघरुणात तास-दोन तास पाय गरम ठेवते.

हीटर घ्यायचाच असेल, तर एक गोष्ट नीट समजून घ्या. तारेचा, तेल भरलेला किंवा पंख्याचा, कोणताही विद्युत हीटर एका युनिट विजेपासून एका युनिटाइतकीच उष्णता देतो. 'कमी विजेत जास्त उष्णता' अशी जाहिरात यांपैकी कोणाचीही असली, तरी ती ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध आहे. फरक असतो तो उष्णता देण्याच्या रीतीत. लालभडक तारेचा हीटर प्रारणाने समोरच्या माणसाला लगेच ऊब देतो, पंख्याचा आधी हवा तापवतो, तेलाचा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. अपवाद एकच : थंडीत उलट चालू शकणारे वातानुकूलन यंत्र. ते उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून आत आणते. म्हणून एका युनिट विजेत ते सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता खोलीत आणू शकते.

भाड्याच्या जुन्या घरात विजेच्या तारांकडेही लक्ष हवे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दिव्या-पंख्याचे लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. त्यात किंवा तीन-चार उपकरणे जोडलेल्या वाढीव पट्टीत असा हीटर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच हवे.

सर्वांत मोठा धोका

दरवर्षी हिवाळ्यात दिल्लीच्या व उत्तर भारताच्या वर्तमानपत्रांत एक बातमी पुन्हा पुन्हा येते. थंडीमुळे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. असे का होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे.

कोळशाला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आता पाहा, हवेत ऑक्सिजन आहे सुमारे २१ टक्के. समजा, खोलीत कार्बन मोनॉक्साइड केवळ ०.१ टक्का झाला. ऑक्सिजन त्याच्या दोनशेपट आहे, पण याची पकड दोनशेपट घट्ट आहे. सामना बरोबरीत सुटतो! अशा हवेत काही तास श्वास घेतला, तर निम्मे हिमोग्लोबिन निकामी होते. त्यात मृत्यू येऊ शकतो.

एवढा वायू तयार व्हायला किती कोळसा लागेल? आपल्या ३६ घनमीटरच्या खोलीचा ०.१ टक्का म्हणजे ३६ लिटर वायू, सुमारे दीड मोल. त्यात कार्बन असतो १८ ग्रॅम. शेगडीतील केवळ एक-दोन लहान खडे अर्धवट जळाले, तरी एवढा वायू होतो. झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे. परंतु ती कळेपर्यंत हातपाय हलवण्याची शक्ती गेलेली असते.

म्हणून नियम पक्का : बंद खोलीत कोळसा, लाकूड किंवा कसलाही विस्तव पेटवून झोपायचे नाही. स्नानगृहात गॅसचा गीझर असेल, तर हा धोका मुंबई-पुण्यासही आहे. तो स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत हवा. ज्या खोलीत ज्योत जळते, तेथील झरोका कधीही बुजवू नये. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दारे-खिडक्या उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

थोडी खिडकी उघडावी

ज्योत नसली तरी खोली डबीसारखी बंद करणे बरे नाही. माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. चौघे जण आठ तास झोपले, तर सव्वा लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत जमते. ते थंड काचेवर आणि भिंतीच्या कोपऱ्यात दवासारखे साचते. मग पोपडे निघतात, बुरशी धरते, दमेकऱ्याला त्रास होतो. यासाठी दिवसातून एक-दोनदा पाच-दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. त्यात किती उष्णता जाते? एकदा सगळी हवा बदलली तर फक्त ०.१२ युनिट. उष्णतेचा मोठा साठा भिंतींत आहे, तो तेवढ्यात जात नाही. दिल्लीत हिवाळ्याच्या रात्री व पहाटे धूर जमिनीलगत कोंडून राहतो. म्हणून खिडक्या दुपारी उघडाव्या. तेव्हा हवा त्यातल्या त्यात स्वच्छ आणि ऊबदार असते.

घरमालक आणि भाडेकरू

एक प्रश्न मात्र शास्त्राचा नसून व्यवहाराचा आहे. छतावर उष्णतारोधक थर घालायचा खर्च घरमालकाचा, आणि विजेच्या बिलात बचत होते ती भाडेकरूची. मग मालक खर्च का करील? यावर एक उपाय म्हणजे इमारत बांधतानाच नियम असणे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तिच्यानुसार छतातून चौरस मीटरला एका अंशामागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपल्या हिशेबातील उघडे छत ३.५ वॉट घालवीत होते. असे छत हिवाळ्यात ऊब आत ठेवते आणि मे महिन्यात उन्हाचा ताप बाहेर ठेवते. नागपूरच्या विद्यार्थ्यांना हा दुसरा फायदा अधिक पटेल!

करून पाहा

१. एकसारखे दोन डबे घ्या. एकाला गोधडीचा तुकडा गुंडाळा. दोहोंत सारखेच गरम पाणी भरा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा.

२. त्याच गोधडीच्या तुकड्याला पाण्यात भिजवून व पिळून हाच प्रयोग पुन्हा करा. आता डबा लवकर निवतो. का, याची कारणे लिहा.

३. फरशी आणि तिच्यावरील सतरंजी यांवर एकेक पाय ठेवा. फरशी अधिक थंड वाटते. मग तापमापकाने दोहोंचे तापमान मोजा. हाताला जे जाणवते ते तापमान असते की उष्णता जाण्याचा वेग, यावर वर्गात चर्चा करा.

४. २२ डिसेंबरच्या आसपास मध्यान्ही दक्षिणेच्या खिडकीतून ऊन किती आत येते तेथे खडूने खूण करा. दर महिन्याला नवी खूण करीत जा.

५. आपल्या घराची लांबी, रुंदी, उंची आणि खिडक्या मोजून वरीलप्रमाणे उष्णतेचा हिशेब मांडा. कोणती गळती सर्वांत मोठी आणि कोणती सर्वांत कमी खर्चात बंद होईल, हे वेगवेगळे लिहा. ही दोन उत्तरे बहुधा निराळी येतील. पैसे खर्च करण्यापूर्वी घरातील मोठ्या माणसांना हा कागद जरूर दाखवा.